पाच फेऱ्या, सात जोड आणि दीड तक्रार

आधीच सांगते, लोकरीच्या या दुकानाचं नाव इथे येणार नाही. मालकांनी तशी अटच घातली. "ताई, चांगलं लिहा, वाईट लिहा, पण नाव नको. मागच्या डिसेंबरात कुणीतरी रील टाकलं, तर पंधरा दिवस नुसते फोटोवाले. लोकर घेतली ती दोघींनी." तेव्हा पत्त्यावर भागवा: पुण्यात मेट्रोने मंडईला उतरायचं, तुळशीबागेत शिरायचं, भांड्यांची दुकानं मागे टाकायची आणि फॉल-पिकोच्या मशिनींचा आवाज यायला लागला की त्या बोळात वळायचं. जेमतेम आठ फूट रुंद दुकान, छतापर्यंत गुंडे. बाहेर हँगरला एक लाल कानटोपी लटकते, तीच पाटी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी तिथे पाच वेळा गेले. घेतलेल्या मालातून सात जोड बिनबोटी हातमोजे, दोन कानटोप्या, एक मफलर आणि चहाच्या किटलीचं एक टोपडं झालं. त्यामुळे एकदा डोकावून पाच तारे देणाऱ्यांतली मी नाही.

'बिनबोटी' हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलेलं. मनगट आणि तळवा झाकलेला, बोटं पेरांपासून पुढे उघडी. पहिला जोड बघून म्हणाले, "अर्ध्यात कंटाळलीस का?"

कंटाळले नव्हते. मी एका सहकारी बँकेत काउंटरला बसते आणि एसीचं तोंड बरोबर माझ्या हातांवर आहे. १९३५ सालच्या जानेवारीत पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरल्याची वेधशाळेत नोंद आहे. ते पुणं काही माझ्या वाट्याला आलं नाही. आताची थंडी महिना-दीड महिना पाहुणी येते आणि जाते. माझ्या काउंटरची मात्र बारा महिने मुक्कामाला. पूर्ण हातमोजे घालून तिथे काम होत नाही. नोटा मोजायचं यंत्र आहे, पण पेठेतलं गिऱ्हाईक यंत्रावर विश्वास ठेवत नाही. त्याच्यादेखत एकदा हाताने मोजाव्याच लागतात, आणि लोकरीच्या बोटाला नोट काही सुटत नाही.

दुसरं कारण सवाई. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आलेला, आणि तो भरतो नेमका डिसेंबरात, उघड्या मैदानावरच्या मांडवात. रात्रभर चालायचा त्या काळात मी बाबांच्या मांडीवर शालीत गुंडाळून झोपलेली आहे. आता रात्री लवकर आटोपतं, पण गारठा काही घड्याळ बघून येत नाही, आठ-साडेआठलाच तळव्यांत शिरतो. आणि ताल मोजायचा तर अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला हवा ना! जाड मोज्यातून झपताल मोजून बघा एकदा, सातव्या मात्रेला हरवाल.

तर पहिली लोकर मी ऑनलाइन मागवली होती. जांभळ्या रंगाचे तीन गुंडे, तिन्हींवर रंगाचं नाव एकच. रात्री ट्यूबलाइटखाली विणताना काही कळलं नाही. सकाळी गॅलरीत जाऊन बघते तर उजवा हात वांग्यासारखा आणि डावा जांभळासारखा. कागदी पट्टी बारकाईने वाचली तेव्हा दिसलं, दोन गुंड्यांवर लॉटचा आकडा एक आणि तिसऱ्यावर भलताच. रंगाचं नाव एक असलं तरी प्रत्येक घाण्याला छटा थोडी हलते, म्हणून लॉट जुळवून घ्यायचा असतो, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. शिवाय ती लोकर एवढी जाड की मोजे घातल्यावर मूठ मिटेना. तंदूरमधून नान काढायला निघाल्यासारखी दिसत होते.

ते ध्यान पिशवीत घालून मी या दुकानात गेले. काउंटरमागे सत्तरीचे काका, डोळ्यांवर चष्मा, कपाळावर दुसरा चष्मा. मोजे हातात घेतले, उलटे केले, हसले नाहीत. नंतर एकामागून एक प्रश्न. काय करायचंय. कुणासाठी. हात पाण्यात जाणार का. गाडी चालवता का. दिवसाकाठी किती वेळ घालणार. मी आपली लोकर मागायला गेलेली, आणि हे डॉक्टरांसारखे नाडी बघत बसले.

"मेंढीची हवी की गिरणीची?"

मला कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. आपण मराठीत सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण दुकानातल्या दहा गुंड्यांतले आठ अॅक्रिलिकचे, म्हणजे कारखान्यात केलेला धागा. त्यात मेंढीचा काही संबंध नाही. बहुतेक माल लुधियानाकडून येतो. स्वस्त, रंगीत, मशिनमध्ये धुता येतो, कसर लागत नाही. पण घाम शोषत नाही आणि चार महिन्यांनी गोळे धरतो. मेंढीची खरी लोकर ऊब जास्त देते, ताणली तरी जागेवर परत येते, पण तिला जपावं लागतं. आणि मधला मार्ग म्हणजे दोन्हींचं मिश्रण.

"मग जाड द्या, थंडी वाजते," मी म्हटलं.

"अहो, पुण्याच्या बारा अंशांना हिमालयातली जाडी कशाला? तुम्हाला गाडीवर वारा लागतो. वाऱ्याला जाड धागा नाही, घट्ट वीण लागते. बारीक घ्या आणि गच्च विणा."

माझ्या हातातला महागडा जाड गुंडा त्यांनी काढून घेतला आणि फळीवर परत ठेवला. या दुकानाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी हीच सांगितली असती: लोकरवाल्याने लोकर विकायला नकार दिला. बदल्यात दिला आठ प्लायचा (प्लाय म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) मिश्र धागा, १०० ग्रॅमला १९० रुपये. आधीच्या गुंड्यापेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त.

निवडायची पद्धतही त्यांनीच शिकवली. गुंडा बोटांनी चाचपायचा नाही. बोटं घरकामाने निबर झालेली असतात, त्यांना सगळंच मऊ लागतं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून मिनिटभर धरायचा. तिथे टोचलं तर मोजे कपाटात पडून राहणार. मी तिन्ही धागे असे लावून पाहिले. काकांच्या खुर्चीवर एक काळी घोंगडी होती, सहज तीही लावून पाहिली आणि हात झटकन मागे घेतला. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर ती. पावसाला, काट्याकुट्याला, जमिनीवर अंथरायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण हातमोज्याच्या कामाची नव्हे. "ती माणसाला बसायला, ही माणसाच्या अंगाला," काका म्हणाले. सुती धाग्याचंही विचारलं. सूत ताणलं की ताणलेलंच राहतं, आठवड्यात मनगटाशी भोंगा होईल, असं उत्तर आलं. पण कढईचे कान धरायचे रुमाल विणायचे असतील तर सुतीच, अॅक्रिलिक बिलकुल नाही. गरम भांड्याला ते वितळून चिकटतं. हे त्यांनी दोनदा बजावलं, दुसऱ्यांदा शेजारच्या गिऱ्हाइकालाही.

आता काकांच्या सूनबाई. दुपारनंतर त्या दुकानात असतात, आणि विणणाऱ्यांनी दुकानात जायचं ते त्यांच्या वेळेला. माझा दुसरा घोटाळा त्यांनी सोडवला. नवा धागा घेऊन मी एका व्हिडिओवरून क्रोशाने, म्हणजे आकड्याच्या एकाच सुईने, विणायला बसले. त्यातली बाई म्हणते 'डबल क्रोशे', मी शाळेत शिकल्याप्रमाणे डबल क्रोशे करतेय, मोजून तेवढेच टाके, तेवढ्याच ओळी. आणि मोजा झाला नातवाच्या मापाचा. मला नातू नाही.

सूनबाईंनी तुकडा बघितला आणि विचारलं, "व्हिडिओ अमेरिकेतला आहे का?"

भानगड अशी आहे की क्रोशाच्या इंग्रजी नावांचे दोन पंथ आहेत. आमच्या बाईंनी शिकवलं ते ब्रिटिश वळणाचं. त्यात डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, बुटका. अमेरिकन वळणात डबल क्रोशे म्हणजे आपला पुरा खांब, त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच. ओळखायची खूण सोपी: कृतीत कुठेही 'सिंगल क्रोशे' हा शब्द आला की ती अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल नावाचा टाकाच नसतो. इतकी वर्षं मी रुमाल आणि तोरणं विणली, तेव्हा हा प्रश्न आला नाही, कारण ती आईकडे बघून विणली. आईचे खांब कुठल्याच देशाचे नव्हते.

सूनबाईंनी मग व्हिडिओ बंद करायला लावला आणि पाठकोऱ्या बिलावर कृती लिहून दिली. सात जोड मी तीच वापरलीय. मोजा मनगटाकडून गोल विणत जायचं नाही, आडवा विणायचा. ४ मिलिमीटरच्या सुईने मोज्याच्या लांबीएवढी साखळी, तीवर ३० अर्धे खांब (मुक्या आणि पुऱ्या खांबाच्या मधल्या उंचीचे), साधारण १८ सेंटिमीटर. पुढची प्रत्येक ओळ टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून. त्याने उभ्या पन्हाळी पडतात आणि कापड रबरासारखं ताणतं. अशा २१ ओळी. माझ्या पंजाचा घेर १९ सेंटिमीटर आहे आणि तुकडा १७ चाच करायचा. दोन सेंटिमीटर कमी ठेवले की मोजा हाताला धरून बसतो. मग दोन्ही कडा एकमेकींना शिवायच्या: मनगटाकडून ९ सेंटिमीटर, मग अंगठ्यासाठी साडेचारची फट, मग उरलेले साडेचार.

सगळी कला त्या फटीत आहे. पहिल्या जोडात मी ती दीड सेंटिमीटर खाली ठेवली, तर अंगठा वर करताच सगळा मोजा पंजावरून ओढला जायचा. शिक्का मारताना ते चटकन लक्षात येतं. सूनबाई म्हणाल्या, टेपने मापू नका, तुकडा हाताभोवती गुंडाळा, अंगठा सरळ बाजूला काढा आणि जिथे तो कापडाला भिडतो तिथे दोन सेफ्टी पिना लावा. मग शिवा. आणि फटीच्या दोन्ही टोकांना तीन-तीन टाके जास्त घाला, कारण उसवतं ते तिथूनच. तिसऱ्या जोडापासून माझे मोजे बँकेत लोक हातात घेऊन बघायला लागले. पासबुक भरायला आलेल्या एका आजींनी तर रांग थांबवून टाके मोजले.

एका जोडाला साधारण ४५ ग्रॅम धागा जातो, म्हणजे १०० ग्रॅमच्या गुंड्यात दोन जोड आणि वर एखाद्या फुलापुरतं उरतं.

सुईबद्दल थोडं. माझ्याकडे आईची बारीक पोलादी सुई होती, रुमालाच्या दोऱ्याची. लोकरीला ती चालत नाही. साधी अॅल्युमिनियमची ४ मिलिमीटरची सुई इथे ४० रुपयांना मिळते आणि दोन जोडांपर्यंत तिने काम चोख केलं. तिसऱ्याला मधल्या बोटावर वळ उठला. तेव्हा सूनबाईंनी खणातून हिरोशिमाच्या ट्यूलिप कंपनीची इटिमो काढली, मऊ गादीच्या मुठीची. किंमत ऐकून मी ती परत खणात ठेवली. पुढच्या फेरीला घेतली. साडेसातशे रुपये. एवढ्या पैशात एकेकाळी माझी आई वर्षभराचं वाणसामान भरायची, हे मला ठाऊक आहे, पण आईच्या बोटांना वळ होते हेही ठाऊक आहे.

बाकीच्या वस्तूंचं फार सांगण्यासारखं नाही. कानटोप्या जशा होतात तशा झाल्या. मफलर ह्यांनी सिंहगडावर नेला आणि तिथेच विसरले. किटलीचं टोपडं मात्र झकास जमलंय, चहा अर्धा तास गरम राहतो, फक्त घरात येणारा प्रत्येक जण ते डोक्यावर घालून बघतो.

एक जोड मी मेंढीच्या शुद्ध मरिनो लोकरीचा केला, बहिणीसाठी. ५० ग्रॅमचा गुंडा ३२० रुपये. देताना काकांनी सांगितलं होतं, "मशिनला लावायचं नाही, गरम पाणी नाही, चोळायचं नाही." मी बहिणीला सांगितलं. बहिणीने सुनेला सांगितलं नाही. आता तो जोड बाहुलीला बरोबर होतो. मेंढीच्या केसाला खवले असतात, ऊन पाणी आणि रगडा मिळाला की ते एकमेकांत अडकून बसतात आणि मग ब्रह्मदेवालाही सुटत नाहीत. कोल्हापूरकडे मुद्दाम असंच भिजवून, दाबून जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण करतात, मागावर न विणता. आमच्या बहिणीच्या घरी ते फुकटात झालं. यात दुकानाचा काही दोष नाही, पण तिथे जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की गुंड्यावरची पट्टी फेकायची नसते. धुण्याचं सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं, लॉटही तिच्यावरच.

आता तक्रार.

काउंटरवर पुठ्ठ्याच्या खोक्यात तयार बिनबोटी ठेवलेले असतात. २८० रुपये जोड. चौथ्या फेरीला मी एक उचलून बघितला. वीण सुरेख, टाके एकसारखे, माझ्यापेक्षा चांगला हात. पण अंगठ्याच्या फटीला जादा टाके नाहीत, म्हणजे घाईत पुरा केलेला. मी विचारलं, कोण विणतं. धनकवडीकडच्या चार-पाच बायका, घरी बसून. धागा दुकानाचा. जोडामागे किती देता? काका जरा थांबले, मग खरं ते सांगितलं, ११० रुपये.

मी बँकेतली आहे, आकडेमोड माझी आपोआप होते. मला एका जोडाला साडेचार तास लागतात. सवयीच्या हाताला तीन धरले तरी तासाला ३७ रुपये पडतात. धागा गिरणीचा, जोडात फार तर ५५ रुपयांचा. वरचे ११५ दुकानाचे. दुकानाला भाडं आहे, वीज आहे, न खपलेले रंग आहेत, सगळं कबूल. पण दोन सुयांचं विणकाम मशिन करू शकतं, बाजारातले स्वेटर तसेच येतात. क्रोशाचं विणकाम मशिनवर होत नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका दीडशेहून अधिक वर्षं क्रोशाची लेस विणताहेत, तीही हातानेच. म्हणजे क्रोशाची वस्तू स्वस्त दिसली तर ती कुणाच्या तरी वेळातून स्वस्त झालेली असते, कुठल्या युक्तीने नव्हे. काकांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुळशीबाग आहे ही. मी साडेतीनशे सांगितले तर गिऱ्हाईक दीडशेला मागतं." हेही खोटं नाही. मी स्वतः त्याच दिवशी चार दुकानं पुढे एका ओढणीवर पन्नास रुपयांसाठी दहा मिनिटं घातली होती. तरी तक्रार कायम आहे. जो माणूस माझ्या हातातून चुकीचा गुंडा काढून घेतो, त्याला गिऱ्हाइकाला किंमतही पटवून देता येईल. पुढच्या फेरीला खोक्यावर २८० च होते. बायकांचे १३० केलेत म्हणाले. मी मान डोलावली, तक्रार काही मागे घेतली नाही.

अर्धी तक्रार वेळेची. दुपारी दीड ते चार बंद. पुण्यात याबद्दल बोलणं म्हणजे मुठेला पाणी नाही म्हणण्यासारखं आहे, म्हणून अर्धीच धरलीय. पण सूनबाई चारनंतर आणि माझी बँक साडेपाचला सुटते, त्यात गाडी लावायला जागा नाही. तीन वेळा मी मेट्रोने गेले, दोनदा गाडीने, आणि दोन्ही वेळा गाडी लोकरीच्या दुकानापेक्षा माझ्या घराला जवळ असेल इतकी लांब लावली. मेट्रोनेच जा. सुटे पैसे न्यायची गरज नाही, मोबाइलवरून चालतं. नमुन्याचे गुंडे हाताळू नयेत अशी पाटी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा; काका स्वतःच मनगटाला लावायला देतात.

एक सोय मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. काम अर्धवट असेल आणि धागा पुरेल की नाही याची खात्री नसेल, तर त्याच लॉटचा एक गुंडा ते आठ दिवस बाजूला ठेवतात. आगाऊ पैसे नाहीत. वहीत नाव, लॉट आणि तारीख. नेला नाही तर नवव्या दिवशी फळीवर परत.

माझा मोरपंखी निळा शनिवारपर्यंत ठेवलेला आहे. आठवा जोड अंगठ्यापर्यंत आलाय. हे वाचून कुणी तिकडे गेलंच आणि काउंटरच्या खालच्या कप्प्यात एकटाच निळा गुंडा दिसला, तर तो मागू नका.